सरळ रेषेचा हिशेब: आठवीच्या उन्हाळी प्रकल्पाच्या नोंदी

१० मार्च
आज विषय ठरला. ठरवला तो रोशनने, मी नाही. तासाला सहज विचारलं त्याने, "मॅडम, मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस रायते, मंग आपन आतून सदतीसच कसे?" पुस्तकात याला 'समस्थिती' म्हणतात असं सांगून मी पुढे जाऊ शकले असते. पण चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यातल्या पोरांना उन्हाळा पुस्तकातून शिकवायचा म्हणजे फारच झालं. मोजूनच बघू म्हटलं.

सहा मुलं आहेत: रोशन, यश, सुहास, दामिनी, प्रणाली, अंजली. चार डिजिटल थर्मामीटर जमले (एक आशाताईंनी दिलं), प्रयोगशाळेतले दोन तापमापक, सेकंदकाट्याचं घड्याळ, आलेख कागद. शरीराचं तापमान जिभेखाली, दिवसातून चार वेळा: उठल्याबरोबर, अकराला, दुपारी दोनला आणि संध्याकाळी सहाला. ते फॅरनहाइटमध्ये लिहायचं, कारण थर्मामीटर तसेच आहेत. हवेचं सेल्सिअसमध्ये.

सुरू करण्याआधी प्रत्येकाने अंदाज लिहून दिला. बाहेर ४५ झाल्यावर आतलं किती होईल? सर्वांत कमी अंदाज १०१, सर्वांत जास्त १०६. कागद पाकिटात बंद केले.

१३ मार्च
यशची अकराची नोंद ९५.१. वर्गात गोंधळ. यश घाबरला. चौकशी केली तर पठ्ठ्याने थर्मामीटर लावायच्या आधी माठातलं तांब्याभर पाणी प्यायलं होतं. नियम केला: मोजण्याआधी वीस मिनिटं खाणं-पिणं बंद, तोंड मिटलेलं. आधीच्या तीन दिवसांच्या नोंदी फेकून दिल्या. मुलांना वाईट वाटलं, पण संशयाचा आकडा वहीत ठेवून काय करायचं?

२० मार्च
सहा दिवसांच्या १४४ नोंदी. सरासरी ९८.०. पहाटे ९७.३ च्या आसपास, संध्याकाळी ९८.५.

प्रणालीचं म्हणणं, चारही थर्मामीटर बिघडलेले आहेत, कारण ९८.६ एकदाही नीट आलेलं नाही. शंका चांगली होती, म्हणून नीट उत्तर दिलं. ९८.६ हा आकडा कार्ल वुंडरलिख या जर्मन डॉक्टरांच्या १८६८ च्या ग्रंथातून आला. त्यांनी सुमारे २५,००० रुग्णांची तापमानं काखेत घेतली होती. १९९२ मध्ये अमेरिकेत निरोगी माणसांवर नव्याने मोजमाप झालं, तेव्हा तोंडातली सरासरी ९८.२ निघाली. आणि सकाळ-संध्याकाळचा एखाद्या अंशाचा फरक निरोगी माणसात असतोच. बिघाड थर्मामीटरचा नाही, आपल्या पाठांतराचा आहे.

पहाटे कमी, संध्याकाळी जास्त, हे सहाही जणांत दिसतंय. मला स्वतःला ते इतकं स्वच्छ दिसेल असं वाटलं नव्हतं.

२५ मार्च
दुपारी हवा ३९. सहाही मुलांची रेष आलेखावर आडवी झोपलेली. तीच ती सकाळ-संध्याकाळची बारीकशी लाट, बाकी काही नाही. रोशनने वही माझ्या टेबलावर ठेवली आणि मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, आपला प्रयोग फसला. काहीच झालं नाही."

रात्रभर ते डोक्यात होतं. काहीच झालं नाही, असं त्याला दिसतंय, कारण आम्ही फक्त तोच एक आकडा मोजला जो शरीर हलू देत नाही. घरखर्चाच्या वहीत शिल्लक रोज तेवढीच दिसते म्हणून घरात काही आलं-गेलं नाही असं कोणी म्हणेल का?

२६ मार्च
सकाळी परिपाठानंतर सहा जणांना घेऊन बसले. क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. एकोणिसाव्या शतकात त्यांनी मांडलं की पेशी बाहेरच्या हवेत जगत नाहीत, त्या शरीरातल्या द्रवात जगतात, आणि तो आतला परिसर जपला जातो म्हणून प्राणी बाहेर मोकळा फिरू शकतो. पुढे १९२६ मध्ये वॉल्टर कॅनन यांनी या जपण्याला 'होमिओस्टॅसिस' असं नाव दिलं, तेच आपलं समस्थिती. नाव घडवताना त्यांनी 'तेच' या अर्थाचा ग्रीक शब्द टाळून 'सारखं' या अर्थाचा घेतला. आकडा खिळ्यासारखा ठोकलेला नसतो, थोडा हलतो आणि परत येतो, हे त्यांना सांगायचं होतं. आमची सकाळ-संध्याकाळची लाट म्हणजे तेच.

मग विचारलं, रेष आडवी ठेवायला शरीर काय काय खर्च करत असेल? फळ्यावर मुलांनीच लिहिलं: पाणी, मीठ, नाडी. आजपासून वहीत तीन नवे रकाने: नाडी, वजन, लघवीचा रंग. शेवटच्या रकान्यावर मुली लाजल्या, मग अंजलीनेच तोड काढली: पाण्यासारखा १, लिंबू सरबतासारखा २, मोहरीच्या तेलासारखा ३, काळ्या चहासारखा ४. नुसता आकडा लिहायचा.

२९ मार्च
आजचा दिवस वहीत जपून ठेवण्यासारखा.

गावातल्या धान खरेदीचा इलेक्ट्रॉनिक काटा एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडून तासभर मागून घेतला. दहा ग्रॅमपर्यंत दाखवतो. सकाळी आठला, हवा ३१ असताना, यशला फक्त चड्डीवर उभं केलं: ४० किलो ६४० ग्रॅम. नाडी ७८, तापमान ९८.२. मग पाऊण तास कबड्डी. पाणी नाही, लघवीला जाणं नाही (वेळ एवढाच ठेवला, जास्त नाही). परत आला तो चिंब भिजून. घाम पुसून पुन्हा काट्यावर: ४० किलो ३८० ग्रॅम. नाडी १३४. तापमान ९८.९.

२६० ग्रॅम कुठे गेले, हे मुलांना सांगावं लागलं नाही. पण किती उष्णता गेली, हा हिशेब फळ्यावर केला. एक ग्रॅम घाम उडून जाताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता अंगातून घेऊन जातो. सगळा घाम उडाला असं धरलं तर २६० ग्रॅमचे झाले १,५०,८०० कॅलरी, म्हणजे दीडशे किलोकॅलरी. आता ४० किलोचं शरीर एक अंश सेल्सिअसने तापवायला साधारण ३३ किलोकॅलरी लागतात. भागाकार दामिनीने केला. साडेचार.

खडू तसाच हातात धरून ती म्हणाली, "म्हनजे घाम आला नसता तं यश एक्केचाळीसच्या वर गेला असता?"

काही घाम टपकून मातीत गेला, काही चड्डीने शोषला, त्यामुळे खरा आकडा साडेचारपेक्षा कमी असणार. तेही वहीत लिहून घेतलं. पण वर्ग शांत झाला होता. यश आपल्या हाताकडे बघत होता.

थर्मामीटरवर ०.७ चा फरक. काट्यावर पाव किलोचा. नाडीवर ५६ ठोक्यांचा. रोशनने आपणहून 'प्रयोग फसला' ही ओळ खोडली.

४ एप्रिल
परीक्षेची तयारी, प्रकल्पाला वेळ नाही. नोंदी चालू.

शेवटच्या तासाला ब्लॅग्डन यांची गोष्ट सांगितली. लंडनमध्ये १७७४ मध्ये चार्ल्स ब्लॅग्डन आणि त्यांचे मित्र मुद्दाम तापवलेल्या कोरड्या खोलीत गेले, जिथली हवा पाणी उकळण्याच्या अंशापेक्षाही गरम होती. सोबत अंडी आणि मांसाचा तुकडा नेला. एका खेपेला एक कुत्राही होता, पाय पोळू नयेत म्हणून टोपलीत ठेवलेला. अंडी वीस मिनिटांत कडक झाली, मांस शिजलं, माणसं आणि कुत्रा मात्र धडधाकट बाहेर आले. त्याच हवेत मेलेलं मांस शिजतं, जिवंत शिजत नाही. सुहासला कुत्र्याचीच काळजी. तो जगला हे दोनदा सांगावं लागलं.

१० एप्रिल
हवा ४२. ओल्या फडक्याचा तापमापक तयार केला: तापमापकाच्या फुग्याला जुन्या धोतराची पट्टी गुंडाळून तिचं टोक पाण्याच्या वाटीत, समोर पुठ्ठ्याने वारा. कोरडा ४२, ओला २४. अठरा अंशांचा फरक! मुलांनी तीनदा करून पाहिलं.

माठ असाच थंड होतो, कूलर असाच चालतो, आणि घामेजलेलं अंगही असंच. म्हणजे मातीचा माठ आणि यशची पाठ हे एकाच नियमाने चालतात. फरक एवढाच की माठाला थांबता येत नाही. हवा गार असो की गरम, तो पाझरतच राहतो. शरीर मात्र मोजून पाझरतं. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे, तो रक्ताचं आणि कातडीचं तापमान सतत बघतो आणि गरजेपुरत्या घामग्रंथी उघडतो, कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंद करतो. काम झालं की आवरतं घेतो.

प्रणालीने विचारलं, मग पावसाळ्यात कूलर लावला की चिकचिक का होते? उत्तर तिलाच शोधायला सांगितलं. माझी धाकटी बहीण लग्न होऊन रत्नागिरीला आहे. तिला फोन करून दोन तापमापकांचा हाच प्रयोग करायला सांगितला.

१६ एप्रिल
बहिणीचा आकडा आला. रत्नागिरीला दुपारी कोरडा ३३, ओला २८ च्या थोडा वर. त्याच दुपारी आमच्याकडे कोरडा ४३, ओला २४.

मुलं चक्रावली. आम्ही दहा अंश जास्त गरम, तरी घाम उडायला आमचीच हवा बरी. कोकणात हवा आधीच पाण्याने भरलेली, घाम येतो पण उडत नाही, नुसता ओघळतो. ओघळलेला घाम पाणी आणि मीठ घेऊन जातो, उष्णता नेत नाही. प्रणालीला तिच्या कूलरचं उत्तर मिळालं. आमच्याकडे घरोघर कूलर आणि रत्नागिरीत तो कोणी का घेत नाही, याचंही.

आजची तारीख बघून मला राहवलं नाही. २०२३ मध्ये याच दिवशी खारघरला भर उन्हातल्या पुरस्कार सोहळ्यानंतर उष्माघाताने चौदा माणसं गेली. तिथे आमच्यासारखं पंचेचाळीस नव्हतं. पण खाडीकाठची हवा, तासन् तास उघड्यावर बसणं, गर्दी. बातम्यांत नुसता कोरडा आकडा सांगतात. ओल्या फडक्याचाही सांगायला हवा, असं मला फार वाटतं. घामाची वाट किती उघडी आहे, हे त्या दुसऱ्या आकड्यातून कळतं.

१९ एप्रिल
सुहास गैरहजर, ताप १०२. संध्याकाळी घरी गेले. बाहेर ४३, आणि हा गोधडीत कुडकुडतोय.

ताप आणि ऊन लागणं यातला फरक कळायला याहून चांगलं उदाहरण मिळालं नसतं. तापात हायपोथॅलॅमस स्वतःच आपली खूण वर सरकवतो. ९८ ऐवजी १०२ हवं, असं ठरवतो. मग ९९ वर असलेलं शरीर त्याला गार वाटतं आणि तो थंडी वाजवून, कापरं भरवून ते वर नेतो. पॅरासिटामॉल ती खूण खाली आणतं, म्हणून ताप उतरतो. ऊन लागतं तेव्हा खूण जिथल्या तिथेच असते, गार करण्याची ताकद संपलेली असते. तिथे पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. पाणी आणि वारा लागतो. हे वाक्य दुसऱ्या दिवशी सगळ्यांना वहीत चौकट करून लिहायला लावलं.

२३ एप्रिल
हवा ४४. दुपारी प्राण्यांची पाहणी. कावळे कडुलिंबाच्या सावलीत चोच उघडी टाकून धापा टाकत. कुत्रं नळाखालच्या चिखलात पोट टेकून. सरडा सकाळी कुंपणावर होता, दुपारी झाडाच्या पल्याडच्या अंगाला. त्याला आतून फार काही करता येत नाही, म्हणून तो जागा बदलतो.

म्हशी बोडीत (छोट्या तळ्यात), नाक तेवढं वर. काळी कातडी, केस विरळ, घामग्रंथी गाईपेक्षा बऱ्याच कमी. मग बाहेरचं पाणी अंगावर घेण्यावाचून तिला गत्यंतर नाही. गुरांच्या डॉक्टरांनी मुलांसमोर मोजून दाखवलं: बोडीत उतरण्याआधी १०२.६, तासाभराने १०१.२. दामिनी म्हणाली, आजी म्हशीला 'आळशी' म्हणते, तिला जाऊन सांगते.

२८ एप्रिल
मोठा शोध यशच्या बनियनवर लागला. काळी बनियन आहे त्याची, रोज तीच घालून खेळतो. मार्चअखेरीस वाळल्यावर पाठीवर पांढऱ्या मिठाच्या रेषा उमटायच्या, नदी आटल्यावर काठावर उमटतात तशा. आता घाम जास्त येतो, पण रेषा पुसट. चाखूनही पाहिलं म्हणे: "मॅडम, आता कमी खारट लागते."

उन्हात रोज वावरलं की एक-दोन आठवड्यांत शरीर शिकतं. घाम लवकर सुटतो, जास्त येतो, आणि घामग्रंथी त्यातलं मीठ परत ओढून घेतात. म्हणून मार्चमधला पहिला उन्हाचा तडाखा, किंवा आजारातून उठून एकदम शेतात जाणं, हे भर मे महिन्यातल्या सवयीच्या उन्हापेक्षा वाईट.

३० एप्रिल
शेवटचा दिवस, उद्यापासून सुट्टी. पाकीट उघडलं. सहाही अंदाज चुकलेले. सुहासचा ताप सोडला तर दुपारी दोनची सर्वांत मोठी नोंद ९९.१, तीही अंजलीची, विहिरीवरून घागर आणल्यानंतरची. मात्र लघवीच्या रकान्यात मार्चमध्ये बहुतेक १ आणि २ होते, एप्रिलअखेरीस ३ आणि दोनदा ४. मूत्रपिंडं पाणी राखून ठेवतायत. तापमानाच्या रेषेत न दिसणारा खर्च तिथे दिसतो.

तेंदूपत्त्याचा (विडीच्या पानांचा) हंगाम तोंडावर आहे. सहापैकी चार मुलं घरच्यांबरोबर पहाटे जंगलात जातील. म्हणून आज जलसंजीवनी करायला शिकवली: एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. साखर चवीपुरती नसते. आतड्याच्या भिंतीतून मीठ आत शिरताना साखरेला सोबत घेतं, आणि त्यांच्या मागोमाग पाणी ओढलं जातं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली आणि सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी पिंपांतून असंच साखर-मिठाचं पाणी वाटलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चारच्या खाली आलं. मुलं चमचे मोजत असताना मी हे सांगत होते. रोशनने त्यानंतर साखरेचा चमचा पट्टीने सपाट केला.

दामिनीने विचारलं, आजीला तहानच लागत नाही म्हणते, तिला किती द्यायचं? सांगितलं, वय झालं की तहानेचा निरोप उशिरा येतो, कमी येतो. घामही कमी सुटतो. तहानेची वाट न बघता तासातासाला द्यायचं. थर्मामीटर सुट्टीत तिच्याकडेच ठेवलं.

१२ मे
हे मी दुसऱ्या दिवशी लिहिते आहे, दामिनीच्या वहीवरून. मी तिथे नव्हते.

घरचे सगळे तेंदूपत्ता फळीवर (पानं जमा करायच्या जागी). टिनाच्या छपराखाली आजी एकटी. दामिनी दोनला आली तर आजी काहीबाही बोलत होती, हिला ओळखेना. कातडी कोरडी, तव्यासारखी. घामाचा टिपूस नाही. तिने तोंडात थर्मामीटर घातलं नाही, काखेत लावलं, आणि वहीत 'काख' असं लिहिलंही. २.१० वाजता १०४.६. नाडी १२८. शेजारच्या काकूंनी तापाची गोळी आणली, ती हिने देऊ दिली नाही. शुद्ध नाही म्हणून तोंडात पाणीही घालू दिलं नाही. बाज लिंबाखाली ओढली, लुगडं पाण्याने चिंब केलं, आणि दोघीजणी सुपाने वारा घालत राहिल्या. तिसरीने १०८ ला फोन लावला.

२.२५ : १०३.४
२.४० : १०२.१, "मले ओळखलं"
२.५५ : गाडी आली

अक्षर सगळीकडे वाकडं आहे. फक्त आकडे नीट काढलेत.

१५ मे
आजी काल घरी आली. अजून अशक्त आहे, पण बोलते. दामिनी आज सकाळी प्रकल्पाचा तक्ता घेऊन माझ्याकडे आली. आजीची रेष त्यात काढायची म्हणाली. सहा मुलांच्या सहा आडव्या रेषांच्या शेजारीच.

पण तक्ता आम्ही मार्चमध्ये आखला होता. उभी पट्टी ९६ ते १०० इतकीच, कारण सुहासचा ताप सोडला तर वर कधी जावंच लागलं नव्हतं. मग आलेख कागदाची एक पट्टी कापली, खळ लावून तक्त्याच्या माथ्यावर चिकटवली आणि चौकोन जुळवून १०५ पर्यंत आकडे लिहिले. खळ वाळेपर्यंत थांबलो. मग तिने वरच्या कागदावर पहिला ठिपका दिला आणि पट्टी न घेता रेष खाली आणली, जोडावरून, जुन्या कागदावर.